प्रश्न वाचकांचे : अमेरिकेतल्या राज्याचा आमदार

अमेरिकेच्या राजकारणाबद्दलची पत्रं बहुधा राष्ट्राध्यक्षांपासून सुरू होतात आणि वॉशिंग्टनमध्येच संपतात. या वेळी मात्र राज्यांच्या आमदारांविषयी बरेच प्रश्न आले, म्हणून हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे. शाळेचा अभ्यासक्रम, गर्भपाताचा कायदा, घरभाड्याचे नियम, सरकारी विद्यापीठांचा निधी, बहुतेक राज्यांत तर लोकसभेसारख्या केंद्रीय सभागृहाच्या मतदारसंघांच्या सीमासुद्धा, हे सगळं राज्याच्या विधिमंडळात ठरतं. ५० राज्यं, ९९ सभागृहं (नेब्रास्कात एकच सभागृह आहे) आणि मिळून ७,३८६ सदस्य. खालचं आणि वरचं अशा दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना आम्ही इथे आमदारच म्हटलं आहे. ‘अमेरिकेतला आमदार’ असा प्रश्न आला की आमचा पहिला उलट प्रश्न असतो : कुठल्या राज्यातला? कारण उत्तर त्यावर पार बदलतं.

माझा भाचा टेक्सासमध्ये प्लेनोला असतो. तो म्हणतो, तिथल्या आमदाराला महिन्याला फक्त ६०० डॉलर पगार आहे. एवढ्यात तिथे एका खोलीचं भाडंही निघत नाही. मग हे लोक राहतात कशावर? वरकमाईवर? — एक वाचक, सांगली

भाचा बरोबर सांगतोय. टेक्सासच्या आमदाराचा पगार महिना ६०० डॉलर, म्हणजे वर्षाला ७,२००. हा आकडा १९७५च्या दुरुस्तीने थेट राज्यघटनेत घातला गेला आणि तिथेच राहिला. तो वाढवायचा तर मतदारांची संमती लागते, आणि आमदारांचा पगार वाढवायला मतदार सहसा तयार होत नाहीत. टेक्सासचं नियमित अधिवेशन विषम वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. त्या दिवसांचा भत्ता वेगळा मिळतो. २०२५च्या अधिवेशनात तो रोज २२१ डॉलर होता. पूर्ण १४० दिवसांचे जेमतेम ३१ हजार होतात, आणि त्यातून राजधानी ऑस्टिनमधलं राहणं-खाणं भागवायचं.

त्यामुळे तिथले आमदार आपापला व्यवसाय सांभाळून आमदारकी करतात. वकील, डॉक्टर, जमिनींचे व्यवहार करणारे, गुराढोरांचे मोठे मळे असणारे, विमा एजंट, निवृत्त झालेले. वकिलांसाठी कायद्यात सोयही आहे : वकील-आमदाराने मागितलं तर त्याचा खटला अधिवेशन संपून ३० दिवस होईपर्यंत पुढे ढकलला जातो. नर्सला, शाळेतल्या शिक्षिकेला किंवा तासावर काम करणाऱ्याला अशी सोय नाही. दर दोन वर्षांनी पाच महिने बिनपगारी रजा कोणता मालक देईल? कमी पगार म्हणजे साधेपणा, असं मानणारे तिथेही पुष्कळ आहेत. आमचं मत उलट आहे. एवढ्या पगारात कोण उभं राहू शकत नाही ते आधी पाहावं. ज्यांच्या घरभाड्याचे आणि पाळणाघराचे कायदे होतात, नेमकी तीच माणसं त्या सभागृहात कमी दिसतात.

इतर राज्यांत काय? न्यू हॅम्पशायरमध्ये दोन वर्षांच्या मुदतीला २०० डॉलर, आणि हे १८८९पासून असंच आहे. न्यू मेक्सिकोत पगार नावाची गोष्टच नव्हती, फक्त दिवसाचा भत्ता आणि प्रवासखर्च. नेब्रास्कात वर्षाला १२,०००. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क : २०२३पासून १,४२,००० डॉलर. कॅलिफोर्नियातही सव्वा लाखाच्या वर, आणि सोबत बारमाही पगारी कर्मचारी. ही पूर्णवेळ नोकरी आहे आणि तिथे लोक ती तशीच करतात.

वरकमाईबद्दल. लाचेपेक्षा रोजचा खरा प्रश्न हितसंबंधांचा आहे. विम्याचा धंदा करणारा आमदार विम्याच्या विधेयकावर मत देतो, आणि ते बेकायदा नसतं. टेक्सासमध्ये प्रत्येकाला दरवर्षी उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं विवरण राज्याच्या एथिक्स कमिशनकडे द्यावं लागतं. ते सार्वजनिक असतं. भाच्याला आपल्या आमदाराचं वाचता येईल. बाहेरच्या कमाईचं काय होऊ शकतं याचं ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं : असेंब्लीचे, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहाचे, माजी सभापती शेल्डन सिल्व्हर यांनी वकिली फीच्या रूपाने पैसे घेऊन पदाचा गैरवापर केला, असं खटल्यात सिद्ध झालं. २०१५ची शिक्षा अपिलात रद्द झाली, २०१८च्या फेरखटल्यात ते पुन्हा दोषी ठरले.

आमच्या गोव्यात ४० आमदार आहेत आणि तेही लोकांना भेटत नाहीत अशी तक्रार असते. अमेरिकेत एका आमदारामागे किती लोक? — एक वाचक, मडगाव

तुमच्यासाठी तुलनेला न्यू हॅम्पशायर अगदी योग्य. २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे १३ लाख ७८ हजार होती, म्हणजे २०११च्या गोव्यापेक्षा थोडी कमीच. आणि खालच्या सभागृहात सदस्य ४००! एका आमदारामागे साधारण ३,४०० माणसं. गोव्यात हाच हिशेब ३६ हजारांच्या आसपास येतो. तिथला आमदार किराणा दुकानात भेटतो, कारण तो शेजारीच राहतो. त्याला स्वतंत्र कार्यालय नाही, स्वीय सहायक नाही.

दुसरं टोक कॅलिफोर्निया. ४० सिनेटर (वरच्या सभागृहाचे सदस्य) आणि जवळपास ४ कोटी लोक. तिथल्या राज्य सिनेटरचा मतदारसंघ वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहातल्या सदस्याच्या मतदारसंघापेक्षाही मोठा असतो.

दोन वर्षांपूर्वी मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. सात वर्षं फ्रिस्कोत राहते. टेक्सासच्या प्रतिनिधीगृहासाठी उभं राहायचं मनात आहे. माझा जन्म भारतातला, हे आड येईल का? सुरुवात कुठून करू? — एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

जन्म आड येत नाही. जन्माने नागरिक असण्याची अट फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना आहे. टेक्सासच्या खालच्या सभागृहासाठी तुम्ही नागरिक हव्यात, नोंदणी केलेल्या मतदार हव्यात, वय किमान २१, राज्यात दोन वर्षं आणि त्यातलं शेवटचं एक वर्ष त्याच मतदारसंघात वास्तव्य हवं. (सिनेटसाठी वय २६ आणि राज्यात पाच वर्षं.) फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. त्यामुळे शहराच्या नावावर जाऊ नका, घराचा पत्ता घालून मतदारसंघाचा क्रमांक काढा. घर बदलायचा विचार असेल तर तो आधी या नकाशाशी ताडून पाहा. रस्ता ओलांडला की एक वर्षाची अट पुन्हा शून्यावर येऊ शकते.

पहिला कागद म्हणजे प्रचाराच्या खजिनदाराची नेमणूक. तो एथिक्स कमिशनकडे दाखल होईपर्यंत एक डॉलरही घ्यायचा नाही आणि खर्चायचाही नाही. नवखे उमेदवार इथेच पहिली चूक करतात : वेबसाइटचं नाव विकत घेतात, पत्रकं छापतात आणि मग फॉर्म भरतात. तुम्ही स्वतःच्या खजिनदार होऊ शकता, पण आमचा सल्ला, हिशेब ठेवायची सवय असलेली वेगळी व्यक्ती नेमा. बँकेत स्वतंत्र खातं उघडा. हिशेबाचे अहवाल १५ जानेवारीला आणि १५ जुलैला जातात, शिवाय लढत असेल तर मतदानाच्या ३० दिवस आणि ८ दिवस आधी. अहवाल उशिरा गेला तर ५०० डॉलरचा दंड बसतो, आणि विरोधकाला आयता मुद्दा मिळतो तो वेगळाच.

टेक्सासमध्ये व्यक्तीने किती देणगी द्यावी यावर मर्यादा नाही. पण कॉर्पोरेशनकडून पैसा घेणं हा गुन्हा आहे, तोही गंभीर स्वरूपाचा. आपल्या समाजात हे हमखास घडतं : ओळखीचे डॉक्टर किंवा हॉटेलमालक जेवणाच्या कार्यक्रमात प्रेमाने चेक देतात आणि तो त्यांच्या कंपनीच्या खात्यावरचा असतो. तो तिथेच परत करा आणि त्यांच्या वैयक्तिक खात्याचा मागा. निवडून आलात तर आणखी एक बंधन : अधिवेशनाच्या ३० दिवस आधीपासून ते संपल्यावर २० दिवसांपर्यंत देणग्या घेता येत नाहीत.

आता अर्ज. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे तिकीट मतदार देतात, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. सम वर्षाच्या मार्चमध्ये प्रायमरी, आणि तिच्यासाठीचा अर्ज आदल्या डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी ६च्या आत पक्षाकडे द्यायचा : मतदारसंघ एकाच काउंटीत असेल तर काउंटीच्या पक्षाध्यक्षाकडे, एकाहून जास्त काउंट्यांत पसरला असेल तर राज्याच्या. ७५० डॉलर शुल्क, किंवा त्याऐवजी मतदारसंघातल्या ५०० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या. सह्यांचा मार्ग घेतलात तर ५०० वर थांबू नका, किमान ७५० गोळा करा. सह्या बाद होतात त्या ठरावीक कारणांनी : माणूस शेजारच्या मतदारसंघातला निघतो, पत्ता बदललेला असतो, जन्मतारीख किंवा मतदार क्रमांक लिहायचा राहतो, एकाच व्यक्तीची सही दोनदा येते. याला क्षुल्लक तांत्रिक बाब समजू नका. बराक ओबामा १९९६ साली इलिनॉयच्या सिनेटसाठी प्रथम उभे राहिले तेव्हा त्यांच्या बाजूने इतर उमेदवारांच्या सह्यांना आव्हान दिलं गेलं, विद्यमान सिनेटर अ‍ॅलिस पामर यांच्यासह सगळे प्रतिस्पर्धी गळाले, आणि ओबामा प्रायमरीत एकटेच उरले.

टेक्सासमध्ये मतदार पक्षाकडे नाव नोंदवत नाही. त्या दिवशी कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं ते त्याने ठरवायचं. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले म्हणून आखलेले आहेत, त्यामुळे नोव्हेंबरपेक्षा मार्चमध्येच निकाल लागतो. कोणालाच निम्म्यापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत मे महिन्यात फेरलढत. तीन-चार उमेदवार असतील तर पैसा आणि माणसं दोन्ही मेपर्यंत पुरतील असं नियोजन हवं. मार्चलाच सगळं संपवून बसलेले उमेदवार फेरलढतीत उभेच राहू शकत नाहीत.

मतांचं गणित कागदावर मांडा. एका मतदारसंघात साधारण १ लाख ९४ हजार लोक. समजा, तुमच्या पक्षाच्या प्रायमरीत २० हजार मतं पडतात. म्हणजे जिंकायला १०,००१. मतदारयादीतून गेल्या तीन प्रायमरींत मत दिलेल्यांची नावं काढा आणि गल्लीनुसार लावा. तासाला १५ दारं होतात आणि त्यातली पाच उघडतात असं धरलं, तर ५,००० माणसांशी बोलायला १,००० तास लागतात. वीस कार्यकर्ते असतील तर प्रत्येकी पन्नास. हे वीस जण आज तुमच्याकडे आहेत का, ते आधी मोजा. गणेशोत्सवाला आलेल्या पाचशे लोकांपैकी तुमच्या मतदारसंघातले, नागरिक असलेले आणि प्रायमरीत मत देणारे किती, हाही हिशेब प्रामाणिकपणे करा. आकडा धक्का देणारा असतो.

नोकरी केंद्र सरकारची असेल तर थांबा. हॅच कायद्यानुसार केंद्रीय कर्मचाऱ्याला पक्षीय निवडणूक लढवता येत नाही. शाळा मंडळासारखी पक्षविरहित निवडणूक चालते. खरं तर तुमच्यासाठी तोच रस्ता आम्ही सुचवू : आधी शहराच्या एखाद्या नियुक्त मंडळावर काम, मग शाळा मंडळ किंवा नगर परिषद, आणि मग ऑस्टिन. कारण विधिमंडळात शाळांच्या निधीचं सूत्र समोर आलं की ज्याने शाळेचं अंदाजपत्रक एकदा तरी बसवलं आहे, त्याच्याकडेच सगळे वळतात.

मावसबहीण न्यू जर्सीत उभी राहतेय. आम्ही पुण्याहून थोडे पैसे पाठवू शकतो का? माझा मुलगा तिथे एच-१बी व्हिसावर आहे, त्याने प्रचारात काम केलं तर चालेल? — एक वाचक, पुणे

पैसे नाही. एक रुपयाही नाही. परदेशी नागरिकाने अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत पैसा देणं केंद्रीय कायद्याने बंद आहे, आणि त्यात राज्याच्या आणि गावपातळीवरच्या निवडणुकाही येतात. मुलाच्या खात्यात पाठवून त्याच्या नावाने देणं हा तर त्याहून मोठा गुन्हा. मुलगा एच-१बीवर असल्याने त्याचे स्वतःच्या पगारातले पैसेही चालत नाहीत. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते, पण मत देता येत नाही.

मुलगा विनामोबदला काम करू शकतो : दारोदार फिरणं, फोन करणं, खुर्च्या मांडणं. पैसे किंवा पैशाच्या बदल्यात काहीही घ्यायचं नाही. प्रचाराच्या खर्चाचे निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्याने बसू नये, परदेशी नागरिकाला तेही मना आहे. स्वतःच्या खर्चाने बॅनर छापून आणणं ही देणगीच मोजली जाते. उत्साहात हे विसरलं जातं आणि त्रास उमेदवाराला होतो.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पक्षफुटीने आम्ही हैराण झालो. अमेरिकेतला आमदार पक्ष बदलतो का? व्हिप असतो का? — एक वाचक, कोल्हापूर

बदलतो, आणि त्याची आमदारकी जात नाही. आपल्या दहाव्या परिशिष्टासारखा पक्षांतरबंदीचा कायदा तिथे नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या ट्रिशिया कॉथम डेमोक्रॅट म्हणून निवडून आल्या आणि एप्रिल २०२३मध्ये रिपब्लिकन पक्षात गेल्या. त्यांच्या एका जागेने रिपब्लिकनांचे १२० पैकी ७२ सदस्य झाले, म्हणजे बरोबर तीन-पंचमांश. गव्हर्नरचा नकाराधिकार मोडायला तेवढेच लागतात. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर रॉय कूपर यांनी परत पाठवलेला, १२ आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा कायदा ७२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला. मतदारांकडे उपाय एकच : पुढची निवडणूक.

तरीही आपल्यासारखी सरकारं पडत नाहीत, कारण सरकार विधिमंडळाच्या बहुमतावर उभंच नसतं. गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो. आमदाराला मंत्री होता येत नाही. पद हवं तर आमदारकी सोडावी लागते. आपल्याकडे २८८च्या सभागृहातून ४३ पर्यंत मंत्री होऊ शकतात आणि उरलेल्यांच्या नजरा त्या खुर्च्यांवर असतात. तिथे त्या जागी समितीचं अध्यक्षपद असतं, आणि ते सभापतीच्या हातात. तिथला सभापती तटस्थ नसतो, तो सभागृहातला सर्वांत ताकदवान राजकीय नेता असतो. त्याची निवडही नेहमी पक्षाच्या रेषेवर होत नाही. जानेवारी २०२५मध्ये टेक्सासचे रिपब्लिकन सभापती डस्टिन बरोज ८५ मतांनी निवडून आले, त्यातली ४९ मतं डेमोक्रॅटांची होती.

व्हिप नावाचा पदाधिकारी असतो, पण त्याचं काम मोजणी करणं आणि मनधरणी करणं. सदस्यत्व घालवण्याची ताकद त्याच्याकडे नाही. शिस्त लावली जाते ती प्रायमरीत. टेक्सासमध्ये खासगी शाळांना सरकारी पैसा देण्याची योजना नोव्हेंबर २०२३मध्ये २१ रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅटांबरोबर जाऊन हाणून पाडली. ते बहुतांश ग्रामीण भागातले होते. त्यांच्या गावात सरकारी शाळा हीच एक शाळा. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी २०२४च्या प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध उमेदवारांना बळ दिलं, बरेच जण हरले, काही उभेच राहिले नाहीत, आणि २०२५मध्ये तीच योजना कायदा झाली. त्या आमदारांनी आपल्या मतदारसंघाचं म्हणणं मांडलं होतं, असं आम्हाला वाटतं, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

एका मताने निकाल फिरल्याचं ऐकतो. तिथे असं झालं आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

एका मतानेही नाही, शून्य मताने. व्हर्जिनियाचा ९४वा मतदारसंघ, २०१७ : फेरमोजणीनंतर डेव्हिड यान्सी आणि शेली सायमंड्स दोघांनाही ११,६०८ मतं. ४ जानेवारी २०१८ रोजी दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डब्यांत घालून, डबे चिनीमातीच्या वाडग्यात ठेवून एक काढला. यान्सींचं नाव निघालं आणि रिपब्लिकनांचं बहुमत ५१ विरुद्ध ४९ असं टिकलं. सायमंड्स २०१९ला पुन्हा लढल्या आणि जिंकल्या.

आमच्या पालक गटाने शाळांविषयीच्या एका विधेयकासाठी वर्षभर खपून पाठिंबा गोळा केला. शिक्षण समितीत एकमताने मंजूर झालं. मग अर्थविषयक समितीत ‘थांबवलं’ असा एक शब्द उच्चारला आणि संपलं. चर्चा नाही, मतदान नाही. असं कसं? — एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

तुमचं विधेयक ‘सस्पेन्स फाइल’मध्ये गेलं. असेंब्लीच्या अर्थविषयक समितीचा नियम असा : ज्या विधेयकाचा सरकारवर १,५०,००० डॉलर किंवा जास्त बोजा पडतो ते बाजूला ठेवायचं. मग मे आणि ऑगस्टमध्ये एकेका दिवशी शेकडो विधेयकांची यादी भराभर वाचली जाते. काही पुढे जातात, काही दुरुस्तीसह जातात, उरलेली थांबतात. कारण सांगितलं जात नाही. निर्णय आधीच नेतृत्वाने घेतलेले असतात. मतदान नसल्याने कोण विरोधात होतं हेही कळत नाही, आणि आमदारांना ते सोयीचं पडतं. लोकांच्या वर्षभराच्या कष्टांना कारणाचा एक शब्दही मिळू नये, हे आम्हाला चुकीचं वाटतं.

पुढच्या वेळी काय करता येईल ते सांगतो. पहिल्या समितीत एकमत झालं की गट सुस्तावतो. खरी लढत त्यानंतर असते. अर्थविषयक समितीसाठी कर्मचारी एक टिपण तयार करतात, त्यात खर्चाचा अंदाज असतो. तो अंदाज बहुधा ज्या सरकारी खात्यावर काम पडणार त्याच्याकडून येतो, आणि खात्याला काम नको असेल तर आकडा फुगतो. तुमच्या आमदाराच्या कार्यालयाकडून तो टिपणाआधी मागून घ्या. किती नवी पदं धरली, किती वर्षांसाठी, ते पाहा. मग खर्च मर्यादेखाली आणणाऱ्या दुरुस्त्या सुचवा : सक्तीऐवजी मुभा, सगळ्या जिल्ह्यांऐवजी तीन जिल्ह्यांत प्रयोग, वार्षिक अहवालाऐवजी एकच अहवाल. पाठिंब्याची पत्रं संस्थेच्या नावाने आणि मुदतीआधी विधिमंडळाच्या पोर्टलवर टाका, कारण टिपणाच्या शेवटी पाठिंबा आणि विरोध देणाऱ्या संस्थांची यादी येते. एकाच मजकुराच्या हजार ईमेलपेक्षा मतदारसंघातल्या पाच मुख्याध्यापकांची पाच वेगळी पत्रं जास्त वजनाची ठरतात. आणि आमदार भेटला नाही म्हणून नाराज होऊ नका. समितीचा सल्लागार कर्मचारी वीस मिनिटं भेटला तर ती जास्त मोलाची भेट समजा.

सगळीकडे असं नाही. कोलोरॅडोत १९८८च्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक विधेयकाची सुनावणी आणि मतदान समितीत घ्यावंच लागतं. तिथे आमदाराला वर्षाला साधारण पाचच विधेयकं मांडता येतात, म्हणून ते झेपतं. न्यू हॅम्पशायरमध्येही प्रत्येक विधेयक सभागृहापुढे मताला येतं. टेक्सासमध्ये गळा घोटतो तो घड्याळाने. २०२५मध्ये आठ हजारांहून जास्त विधेयकं आली आणि बाराशेच्या आसपास मंजूर झाली. १२२व्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत खालच्या सभागृहात दुसऱ्या वाचनाला न आलेलं त्याच सभागृहाचं विधेयक मेलं. त्या रात्री विरोधक निरुपद्रवी विधेयकांवर मुद्दाम लांबच लांब प्रश्न विचारत बसतात. समितीच्या अहवालात एखादी चूक सापडली तर हरकतीचा मुद्दा काढून विधेयक परत पाठवतात. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत वेळ संपलेली असते. अधिवेशन संपल्यावर गव्हर्नरने नकाराधिकार वापरला तर तो मोडायला सभागृहच उरत नाही.

आमच्या नागपूरच्या स्वाती दांडेकर अमेरिकेत आमदार होत्या असं वाचलं. आणखी मराठी माणसं आहेत का? आणि आमदारकीनंतर हे लोक पुढे काय होतात? — एक वाचक, नागपूर

तीन मराठी माणसांच्या वाटा पाहिल्या की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळतं.

कुमार बर्वे यांचा जन्म अमेरिकेतलाच. १९९०मध्ये ते मेरीलँडच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले. अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळात निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे सदस्य मानले जातात. तिथे अधिवेशन वर्षाला ९० दिवस असतं आणि मुदतींवर मर्यादा नाही. म्हणून ते ३२ वर्षं एकाच सभागृहात राहू शकले, २००३पासून बरीच वर्षं बहुमतातल्या पक्षाचे नेतेही होते. २०१६ला काँग्रेससाठी, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेसाठी, प्रायमरी लढले आणि हरले; जिंकले ते राज्य सिनेटर जेमी रास्किन. २०२३मध्ये बर्वे राज्याच्या वीज-गॅस नियामक आयोगावर गेले.

श्री ठाणेदार यांची वाट उलटी. चिकोडीला जन्म, बेळगावात बालपण, मग रसायनशास्त्र आणि व्यवसाय. २०१८ला त्यांनी थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी लढवली, स्वतःचे एक कोटी डॉलरच्या आसपास पैसे घातले, आणि तिसरे आले. मग २०२०ला राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले, एकच मुदत पुरी केली आणि २०२२ला काँग्रेसमध्ये गेले. मिशिगनमध्ये मुदतींवर मर्यादा आहे, अशा १६ राज्यांपैकी ते एक. पूर्वी खालच्या सभागृहात सहा आणि सिनेटमध्ये आठ वर्षं होती, २०२२पासून दोन्ही मिळून बारा. जुन्या नियमात आमदार निवडून येताच पुढची जागा शोधायला लागत असे, आणि विधेयकाचा जुना इतिहास ठाऊक असलेली माणसं सभागृहात नव्हे, तर लॉबिस्टांच्या (पैसे घेऊन आमदारांकडे कुणाची तरी बाजू मांडणाऱ्यांच्या) कार्यालयात सापडत. बारा वर्षांची मुभा हा चांगला बदल आहे. लॉबिंगमध्ये जाण्याआधी किती थांबावं हेही राज्यागणिक वेगळं : कॅलिफोर्नियात एक वर्ष, फ्लोरिडात सहा.

स्वाती दांडेकर यांचा जिना मात्र पायरी-पायरीने चढलेला आहे. १९९६ला आयोवातल्या आपल्या भागाच्या शाळा मंडळावर, २००२ला प्रतिनिधीगृहावर, २००८ला सिनेटवर. २०११मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर (वीज-गॅस नियामक मंडळावर) नेमलं आणि त्यांनी जागा सोडली. तेव्हा ५० जणांच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४ होते. त्या एका राजीनाम्याने बहुमत टांगणीला लागलं, पोटनिवडणुकीत दोन्हीकडून पैसा ओतला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट लिझ मॅथिस यांनी ती जागा राखली. दांडेकर २०१४ला काँग्रेसची प्रायमरी लढल्या. तिथे आयोवा प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती पॅट मर्फी जिंकले. पुढे ओबामांच्या काळात त्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून मनिलाला गेल्या.